लढा कोणाशी, लढा कशाशी? : दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी संघर्षाची राजनीती



ज्या शाळेत मी अध्यापनाचा श्रीगणेशा केला, त्याच शाळेच्या सभागृहात गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ बोलण्याचा योग यावा, हे मी माझे भाग्य समजतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतकाव्यावर अथवा हैदराबादेतील मराठी सांस्कृतिक परंपरेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, राज्यशास्त्राचा तर नाहीच. तरीही दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी संघर्ष हा विषय मी निवडला, याला कारण गुरुजींनी विचारलेला एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्यांच्या हयातीत मला देता आले नाही. आज ते त्यांच्या स्मृतीपुढे ठेवण्याचा प्रयत्न करणार आहे.

१९७६ सालच्या जून महिन्याचा अखेरचा आठवडा होता. आणीबाणीचे दिवस. मी नुकताच एम.ए. होऊन या शाळेत मराठी शिकवू लागलो होतो. दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो या वस्तीत शाळकरी मुलांवर पोलिसांनी गोळीबार केल्याच्या बातम्या येत होत्या. गुरुजींनी वर्तमानपत्रातले कात्रण फलकावर लावले आणि दहावीच्या वर्गाला विचारले, "ही मुले कोणाशी लढत होती?" एक मुलगा म्हणाला, "गोऱ्यांशी." दुसरा म्हणाला, "आफ्रिकान्स भाषेशी." गुरुजींनी दोघांनाही खाली बसवले आणि वर्गाच्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही भाषेचे मास्तर. तुम्ही सांगा." मी आवेशाने मातृभाषेच्या महतीवर पाच मिनिटे बोललो. गुरुजींनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "हे झाले तुमचे मत. त्या मुलांचे काय होते, ते एकदा वाचून काढा." मी वाचायला घेतले ते निवृत्तीनंतर. तेव्हा लक्षात आले, की माझे ते पाच मिनिटांचे भाषण बव्हंशी चुकीचे होते.

या संघर्षाची कथा मी एका शाळेपासूनच सुरू करतो. दरबान शहराच्या उत्तरेस इनांडा नावाचा भाग आहे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी जॉन दुबे या झुलू शिक्षकाने तेथे ओहलांगे येथे आफ्रिकी मुलांसाठी शाळा काढली. तेथून जवळच गांधीजींचा फिनिक्स आश्रम होता. १९१२ च्या जानेवारीत ब्लूमफाँटेन येथे ज्या संघटनेची स्थापना झाली आणि जी पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून जगाला माहीत झाली, तिचे पहिले अध्यक्ष हेच दुबे. त्याच वर्षी आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले होते. गांधीजींनी त्यांना ओहलांगे येथे नेले आणि तेथे दुबे यांच्याशी त्यांचे बोलणे झाले. मराठी माणसाला या इतिहासाशी नाते जोडायचे असेल, तर एवढा धागा पुरेसा आहे.

गोखल्यांच्या दौऱ्यात या संघर्षाच्या राजनीतीचा पहिला धडा दडलेला आहे. करारमुक्त भारतीय मजुरांवर तीन पौंडांचा कर होता. प्रिटोरियात मंत्र्यांची भेट घेऊन बाहेर पडताना, हा कर वर्षभरात रद्द होणार, अशी गोखल्यांची खात्री झाली होती. पुढे सरकारने तसे वचन दिलेच नसल्याचे सांगितले. १९१३ साली न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील मजुरांनी काम बंद केले, दोन हजारांहून अधिक माणसे प्रांताची सीमा ओलांडून चालत निघाली, आणि १९१४ मध्ये कर रद्द झाला. विनंती करणाऱ्याच्या पाठीशी काम बंद करू शकणारे हात नसतील, तर विनंती हवेत विरते, हा तो धडा. मात्र आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. गांधीजींचा तो लढा भारतीयांपुरता होता. त्यांच्या तेथील सुरुवातीच्या लेखनात आफ्रिकी लोकांविषयी तुच्छतेचे उद्गारही आढळतात. आश्रम आणि ओहलांगेची शाळा हाकेच्या अंतरावर होती, परंतु लढे वेगळे होते.

दुबे आणि त्यांचे सहकारी हे शिकलेले, ख्रिस्ती, कायद्यावर श्रद्धा असणारे गृहस्थ होते. १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी जनतेला देशाची अवघी सात टक्के जमीन ठेवली. १९३६ च्या कायद्याने हे प्रमाण सुमारे तेरा टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले. १९१४ मध्ये काँग्रेसचे शिष्टमंडळ लंडनला गेले. त्यात सॉल प्लाटिए होते, ज्यांनी पुढे शेक्सपिअर आपल्या त्स्वाना भाषेत आणला. ब्रिटिश सरकारने हात झटकले. तीन दशके ही अर्ज-विनंत्यांची राजनीती चालली आणि दर खेपेस आधीपेक्षा कडक कायदा पदरी पडला.

दुसरे वळण १९४० च्या दशकात आले. १९४४ मध्ये युवक संघ स्थापन झाला. अँटन लेंबेडे, वॉल्टर सिसुलू, ऑलिव्हर टांबो, नेल्सन मंडेला ही त्यातली मंडळी. १९४६ मध्ये भारतीयांच्या जमीन खरेदीवर निर्बंध घालणारा कायदा आला, त्याविरुद्ध डॉ. युसुफ दादू आणि डॉ. मॉन्टी नायकर यांनी सत्याग्रह केला आणि सुमारे दोन हजार लोक तुरुंगात गेले. भारताने त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. ९ मार्च १९४७ रोजी दादू, नायकर आणि आफ्रिकन काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा यांनी सहकार्याच्या करारावर सह्या केल्या. तिघेही डॉक्टर, म्हणून त्याला डॉक्टरांचा करार म्हणतात. १९१२ मध्ये शेजारी असूनही वेगळे राहिलेले दोन लढे येथे प्रथमच औपचारिकपणे एकत्र आले.

१९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि पूर्वीपासून चालत आलेल्या भेदभावाला तिने शास्त्राचे रूप दिले. १९५० च्या कायद्यांनी प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद झाली आणि कोणी कोठे राहायचे हेही वंशानुसार ठरले. आफ्रिकी माणसाला स्वतःच्याच देशात परवाना, म्हणजे 'पास', खिशात बाळगल्याशिवाय शहरात वावरता येईना. २६ जून १९५२ रोजी अवज्ञा मोहीम सुरू झाली. आठ हजारांहून अधिक स्वयंसेवक तुरुंगात गेले. गोऱ्यांसाठी राखलेल्या दारातून स्थानकात शिरायचे, संचारबंदीच्या वेळी रस्त्यावर यायचे आणि शांतपणे अटक करून घ्यायची. काँग्रेसचे काही हजार सभासद होते, ते या मोहिमेत एक लाखाच्या घरात गेले. सरकारने १९५३ मध्ये राजकीय हेतूने कायदा मोडणाऱ्याला फटक्यांची शिक्षा देणारा कायदा केला आणि मोहीम थांबली. हार झाली, असे वरकरणी दिसले. परंतु ज्या माणसाने एकदा तुरुंगाची भीती घालवली, तो पूर्वीचा राहिला नाही.

१९५५ मध्ये क्लिपटाउन येथे स्वातंत्र्य सनद संमत झाली. हा देश येथे राहणाऱ्या सर्वांचा आहे, काळ्यांचा आणि गोऱ्यांचाही, अशा आशयाने तिचा आरंभ होतो. आज हे आपल्याला साहजिक वाटते. तेव्हा ते तसे वाटत नव्हते. चळवळीतीलच अनेकांना ते झोंबले. ज्यांची जमीन गेली त्यांनी, ज्याने ती घेतली त्याला सहमालक म्हणून का मान्य करावे, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो फेटाळून लावण्यासारखा नव्हता. रॉबर्ट सोबुक्वे हे त्यांचे नेते. तेही भाषेचेच अध्यापक होते आणि विद्यापीठात झुलू शिकवत. १९५९ मध्ये त्यांनी वेगळा पक्ष काढला. त्या पक्षाने पुकारलेल्या पासविरोधी निदर्शनात २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ माणसे मारली. पाठोपाठ दोन्ही संघटनांवर बंदी आली.

येथे आपल्याला, म्हणजे गांधीजींच्या देशातील माणसांना, अवघड जाणारे वळण येते. मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्र हाती घेतले. अहिंसा हे आपल्या दृष्टीने साधन आहे, उपयोगी पडेल तोवर वापरायचे, असे मंडेलांचे स्पष्ट मत होते. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष आल्बर्ट लुथुली अहिंसेवर निष्ठा असलेले होते आणि १९६१ मध्येच त्यांना नोबेल शांतता पारितोषिक प्रदान झाले. त्याच महिन्यात, १६ डिसेंबर १९६१ रोजी, 'राष्ट्राचा भाला' या नव्या संघटनेने पहिले स्फोट घडवले. १९६४ मधील खटल्यात मंडेलांनी न्यायालयापुढे जे निवेदन केले, त्यात त्यांनी चार पर्याय मांडले होते : मालमत्तेचा विध्वंस, गनिमी युद्ध, दहशत आणि उघड क्रांती. त्यांतील पहिला निवडला, कारण त्यात मनुष्यहानी टाळता येते आणि उद्या दोन्ही वंशांना एकत्र राहण्याची आशा शिल्लक राहते. शस्त्र उचलतानाही उद्याच्या शेजाऱ्याचा विचार करणारी ही दृष्टी मला महत्त्वाची वाटते. त्या खटल्यात आठ जणांना जन्मठेप झाली. त्यांत अहमद कथराडा हे भारतीय वंशाचे होते, डेनिस गोल्डबर्ग हे गोरे होते.

यानंतर सुमारे दहा वर्षे देशात स्मशानशांतता पसरली. ती मोडली ती कामगारांनी. १९७३ च्या जानेवारीत दरबानच्या एका विटांच्या कारखान्यातून सुरू झालेला संप पसरत गेला आणि लाखभर कामगार त्यात उतरले. मालकांनी म्हटले, तुमचे प्रतिनिधी निवडा, आम्ही त्यांच्याशी बोलू. कामगारांनी प्रतिनिधी निवडण्यास नकार दिला, कारण निवडलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी नोकरीवरून काढतील किंवा पकडून नेतील, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. या निरक्षर म्हणवणाऱ्या माणसांना शिकलेल्या पुढाऱ्यांपेक्षा राजनीती अधिक समजत होती, असे मला वाटते. त्याच सुमारास स्टीव्ह बिको विद्यार्थ्यांना सांगत होते, की जुलूम करणाऱ्याच्या हातातील सर्वांत मोठे हत्यार म्हणजे जुलूम सोसणाऱ्याचे मन. १९७७ मध्ये पोलिसांच्या कोठडीतील मारहाणीने बिकोंचा अंत झाला.

आता मी गुरुजींच्या प्रश्नाकडे येतो.

१९७४ मध्ये शिक्षण खात्याने आदेश काढला, की आफ्रिकी मुलांच्या माध्यमिक शाळांत अर्धे विषय इंग्रजीतून आणि अर्धे आफ्रिकान्समधून शिकवावेत. गणित आणि समाजशास्त्र आफ्रिकान्समधून. आफ्रिकान्स ही राज्यकर्त्या गोऱ्यांची भाषा. मुलांना ती पुरेशी येत नव्हती, शिक्षकांनाही येत नव्हती. १६ जून १९७६ रोजी हजारो मुले गणवेशात रस्त्यावर आली आणि गोळीबार झाला. पुढे कित्येक महिने देश पेटत राहिला. सरकारी चौकशी आयोगाने ५७५ मृत्यू नोंदवले. माध्यमाचा आदेश मात्र काही आठवड्यांतच मागे घेतला गेला.

मी त्या दिवशी वर्गात सांगितले, की ही मुले मातृभाषेसाठी लढली. वस्तुतः ती मातृभाषेतून शिक्षण मागत नव्हती. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने त्यांना मातृभाषेतून शिक्षण दिलेलेच होते, आणि तेही पूर्वीपेक्षा अधिक, प्राथमिक शाळेची आठही वर्षे! झुलूला झुलूतून, त्स्वानाला त्स्वानातून, सोथोला सोथोतून. हेतू हा, की त्यांनी आपापल्या टोळीत राहावे, एकमेकांशी बोलू नये, जगाशी तर बोलूच नये, आणि गोऱ्यांच्या जगात मजुरीपलीकडे कसलीही अपेक्षा धरू नये. म्हणून त्या मुलांना इंग्रजी जवळची वाटली. ज्या तत्त्वाचा मी चाळीस वर्षे व्यासपीठांवरून पुरस्कार केला, तेच तत्त्व तेथे साखळदंड म्हणून वापरले गेले होते. निवृत्तीनंतर हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. मातृभाषेतून शिक्षण या तत्त्वावरची माझी श्रद्धा ढळली नाही. परंतु ते तत्त्व कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, हे विचारल्यावाचून त्याचा जयजयकार करण्याची माझी सवय त्या दिवशी सुटली.

मग ती मुले कोणाशी लढत होती? याचे उत्तर त्यापुढील दहा वर्षांत त्या देशाने आपल्या कृतीने दिले. १९८३ मध्ये सरकारने नवी घटना आणली. तीन सभागृहांची संसद : गोऱ्यांचे एक, मिश्रवर्णीयांचे एक, भारतीयांचे एक. बहुसंख्य आफ्रिकींना काहीच नाही. म्हणजे आपल्या वंशाच्या लोकांना सत्तेच्या पंक्तीत एक पाट मांडून दिला होता. तेथील भारतीयांनी काय केले? २० ऑगस्ट १९८३ रोजी केपटाउनजवळ संयुक्त लोकशाही आघाडीची स्थापना झाली. शेकडो लहान संस्था तीत एकत्र आल्या. चर्च, युवक मंडळे, महिला मंडळे, कामगार संघटना, क्रीडा मंडळे. त्यांनी या निवडणुकीवर बहिष्काराची हाक दिली आणि १९८४ मध्ये नोंदणीकृत भारतीय मतदारांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याने मतदान केले. मिळत असलेला पाट नाकारणे हे भुकेपेक्षा कठीण असते. १९४७ च्या कराराची किंमत त्या दिवशी चुकती झाली.

१९८५ मध्ये पोर्ट एलिझाबेथ येथे काळ्या वस्त्यांनी गोऱ्यांच्या दुकानांतून खरेदी बंद केली. मागण्या नेमक्या होत्या : वस्त्यांतून लष्कर काढा, सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करा, कामाच्या ठिकाणचा भेदभाव थांबवा. म्खुसेली जॅक हा तरुण या बहिष्काराचा नेता. सरकारने आणीबाणी पुकारून नेत्यांना पकडले. दुकाने ओस पडली तेव्हा गोरे व्यापारीच सरकारकडे गेले आणि नेत्यांच्या सुटकेसाठी खटपट करू लागले. नोव्हेंबरात नेते सुटले. बहिष्काराने गोऱ्या समाजाला एकसंध भिंत मानले नाही. व्यापाऱ्याचे हित कोठे आहे आणि पोलिसाचे कोठे, हे त्याने ओळखले आणि त्या सांध्यात पहार घातली. त्याच वर्षी मोठ्या परदेशी बँकेने कर्जाची मुदत वाढवून देण्यास नकार दिला आणि चलन कोसळले. बाहेरून होणारा बहिष्कारही याच जातीचा होता. १९७४ मध्ये आपल्या संघाने डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार देऊन चषकावर पाणी सोडले, हे येथील जुन्या क्रीडाप्रेमींना आठवत असेल.

या चित्राची काळी बाजू लपवून ठेवणे गुरुजींना आवडले नसते. त्याच वर्षांत वस्त्यांमध्ये फितुरीच्या संशयावरून माणसांच्या गळ्यात पेटते टायर घालण्यात आले. परदेशातील छावण्यांत काँग्रेसच्याच लोकांनी आपल्याच माणसांचे हाल केले. पुढे डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि समेट आयोगाने सरकारइतके नसले, तरी चळवळीचे अपराधही नोंदवले. शत्रू कोण हे ठरवण्याची घाई झाली, की ज्याच्याकडे बोट जाईल तो शत्रू होतो. म्हणूनच 'कोणाशी' या प्रश्नापाशी थांबणे घातक असते.

शेवटची अवस्था वाटाघाटींची. मंडेलांनी १९८५ मध्ये सशर्त सुटका नाकारली, परंतु त्याच वर्षी तुरुंगातून सरकारशी बोलणी सुरू केली. या दोन गोष्टींत विसंगती नाही. कैद्याला करार करता येत नाही, ही एक भूमिका. करार करायचा तर समोरच्याशी बोलावेच लागते, ही दुसरी. तुरुंगात त्यांनी आफ्रिकान्स भाषा प्रयत्नपूर्वक शिकून घेतली होती. काही तरुण सहकाऱ्यांना ते रुचले नव्हते. ११ फेब्रुवारी १९९० रोजी ते सुटले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सशस्त्र लढा स्थगित झाला. १९९२ च्या जूनमध्ये बॉयपटाँग येथे ४५ माणसांचे हत्याकांड झाल्यावर चर्चा तुटली. तेव्हा कोंडी फोडणारी सूचना जो स्लोवो या कम्युनिस्ट नेत्याकडून आली. काही ठरावीक वर्षे सत्ता वाटून घ्यावी आणि गोऱ्या सरकारी नोकरांच्या नोकऱ्या व निवृत्तिवेतन सांभाळावे, असा तिचा गाभा. आयुष्यभर क्रांतीची भाषा केलेल्या माणसाने कारकुनाच्या पेन्शनचा विचार करावा, याची काहींनी चेष्टा केली. परंतु राज्ययंत्र चालवणाऱ्या लाखो सामान्य गोऱ्या कुटुंबांची भीती दूर केल्याशिवाय वरच्यांच्या हातून सत्ता सुटणार नाही, हे स्लोवोंनी ओळखले होते.

१० एप्रिल १९९३ रोजी तरुणांचा लाडका नेता ख्रिस हानी याची त्याच्या घरासमोर हत्या झाली. मारेकरी पोलंडहून आलेला गोरा होता. त्याच्या मोटारीचा क्रमांक टिपून पोलिसांना कळवणारी शेजारीण आफ्रिकान्स बोलणारी गोरी बाई होती. देश वणव्याच्या काठावर उभा असताना, अद्याप कोणतेही अधिकारपद नसलेल्या मंडेलांनी दूरचित्रवाणीवरून देशाला या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. मारणारा गोरा होता, आणि जिच्यामुळे तो सापडला तीही गोरी होती. गुरुजींच्या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मी कोठे वाचलेले नाही. शोकाच्या त्या क्षणाचे मंडेलांनी राजनीतीत रूपांतर केले. काही आठवड्यांतच निवडणुकीची तारीख निश्चित झाली, २७ एप्रिल १९९४.

ही तडजोड स्वस्त पडली काय? नाही. जमीन आणि संपत्ती बव्हंशी जिथल्या तिथे राहिली. जागतिक बँकेच्या मोजमापानुसार उत्पन्नाची विषमता जगात सर्वांत अधिक असलेल्या देशांच्या अग्रभागी आजही दक्षिण आफ्रिकाच आहे. सत्तेवर आलेल्या काँग्रेसमध्ये भ्रष्टाचार शिरला, आणि २०२४ च्या निवडणुकीत सुमारे चाळीस टक्के मते मिळून तिने तीस वर्षांत प्रथमच बहुमत गमावले. तेथील आजची तरुण पिढी विचारते, की आमच्या आजोबांनी फार लवकर हात पुढे केला काय? हा प्रश्न सोबुक्व्यांचाच आहे आणि तो विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. मला इतकेच दिसते, की हात पुढे केला म्हणून आज हा प्रश्न मतपेटीतून विचारता येतो.

भाषेच्या माणसाने शेवट भाषेनेच करावा. १९९६ च्या घटनेने तेथे अकरा अधिकृत भाषा मान्य केल्या. २०२३ मध्ये मूकबधिरांची खूणभाषा बारावी झाली. त्या अकरांत आफ्रिकान्स आहे. जिच्या सक्तीविरुद्ध मुलांनी छातीवर गोळ्या घेतल्या, ती भाषा विजेत्यांनी देशाबाहेर घालवली नाही. राष्ट्रगीतातही तिचे कडवे आहे. सक्ती गेली, भाषा राहिली. माझे वडील मराठवाड्यातले. संस्थानी काळात त्यांचे माध्यमिक शिक्षण उर्दूतून झाले. न समजणाऱ्या भाषेत बीजगणित घोकावे लागल्याचा सल त्यांना अखेरपर्यंत होता. आणि तरीही रात्री जेवण झाल्यावर ते अंगणात बसून उर्दू शेर गुणगुणत. मला तरुणपणी यात विसंगती वाटे आणि मी त्यांच्याशी वाद घाले. त्यांना सक्ती आणि भाषा यांतला भेद केव्हाच कळला होता. तो समजण्यासाठी मला मात्र सोवेटोपर्यंत जावे लागले.

म्हणून, गुरुजी, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. ती मुले गोऱ्यांशी लढत नव्हती आणि आफ्रिकान्सशीही लढत नव्हती. आपण काय शिकावे, कशातून शिकावे आणि शिकून कोण व्हावे, हे आपल्याला न विचारता दुसऱ्याने ठरवावे, या व्यवस्थेशी त्यांचा लढा होता. ज्यांना हा भेद उमजला त्यांनी लढा संपल्यावर शेजारी गमावला नाही. आपली ही मराठी शाळा परभाषिक प्रांतात चालते. पटावरची संख्या रोडावते आहे आणि पालक इंग्रजीकडे वळत आहेत. त्यांच्यावर रागावून आपले काम होणार नाही. मुलाला मराठीतून जगाकडे जाणारे दार येथे उघडे सापडले, तर पालक आपल्या इच्छेने येतील. या राज्याची तेलुगू आणि या शहराची उर्दू या आपल्या मराठीच्या वैरिणी नाहीत, हे या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावे, एवढी माझी इच्छा आहे.

२७ एप्रिल १९९४ रोजी वयाच्या पंचाहत्तरीत मंडेलांनी आयुष्यातले पहिले मत दिले. त्यासाठी त्यांना देशातील कोणतेही मतदान केंद्र निवडता आले असते. त्यांनी इनांडा येथील ओहलांगेची शाळा निवडली. आवारात असलेल्या जॉन दुबे यांच्या समाधीपाशी ते गेले आणि मग मत देण्यासाठी शाळेत शिरले. एका शिक्षकाने काढलेल्या शाळेत, ब्याऐंशी वर्षांनी, त्या लढ्याचे एक वर्तुळ पूर्ण झाले. मला मतदानाच्या त्या छायाचित्राचे कात्रण गुरुजींच्या फलकावर लावायला आवडले असते.